भातराखणीला बंदूक घेताय? कोकणात रायफल नको

लोंबीत दूध भरलं की डुकरांना कुणी सांगावं लागत नाही. हळवं भात कापणीला आलंय, गरवं अजून उभं आहे, आणि या दिवसांत दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतंच, "परवाना काढतोय, रायफल घेऊ की बाराबोर?" माझं उत्तर एकच: आपल्या भागात रायफल घेऊ नका.

छऱ्याच्या बाराबोर बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते; रायफलीच्या नळीत आटे, म्हणजे पिळाच्या खाचा असतात. त्यामुळे गोळी फिरत, सरळ आणि लांब जाते. साध्या पॉइंट टू टू रायफलीची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची असते, पण नेम चुकला तर ती दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. पॉइंट तीनशे पंधराची तर त्याहून कितीतरी लांब. आपल्याकडे खाचर संपलं की बांध, बांधापलीकडे पोफळी, आणि पोफळीत घर. रात्री ते घर दिसत नाही. त्यात जमीन जांभ्याची. आमच्या गडग्याच्या एका चिऱ्यावर रायफलीच्या गोळीचा वीतभर लांब आणि बोट बसेल एवढा खोल ओरखडा अजून आहे. ती गोळी चिऱ्यात शिरली नाही. घासून वर उडाली आणि पलीकडच्या वाडीत एका पडवीची दोन कौलं फोडून आत गेली. पडवीत तेव्हा कुणी नव्हतं, एवढंच. मी तेव्हा शाळेत होतो. तो ओरखडा बघितला की आजही पोटात कालवतं.

कायद्याचा कलही याच बाजूला आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर बिनआट्याच्या नळीची दुसरी बंदूक देता येते. म्हणून अर्जात "वन्यप्राण्यांचा त्रास" एवढंच लिहून थांबू नका. कुठल्या खाचरात, कुठल्या महिन्यात, किती नुकसान झालं ते लिहा आणि मागचे पंचनामे जोडा.

बाराबोर घेताना, किंवा आजोबांची जुनी बाहेर काढताना, आधी चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं तो मागचा भाग, तपासून घ्या. पुष्कळ जुन्या विलायती बंदुकांचं चेंबर 65 मिलिमीटरचं असतं आणि बाजारात मिळणारं काडतूस बहुधा 70 चं. ते आत बसतं, म्हणून माणूस फसतो. बार उडताना काडतुसाचं तोंड उघडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो आणि नळी फाटू शकते. परवानाधारक बंदूक कारागिराकडून मोजून घेतल्याशिवाय एकही बार काढू नका. बंदूक वडिलांच्या नावावर असेल आणि त्यांचं वय 70 झालं असेल, किंवा ती 25 वर्षं त्यांच्याकडे असेल, तर त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावावर परवान्याचा अर्ज करता येतो.

छऱ्याचा नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक. 6 नंबरचा छर्रा दोन-अडीचशे मीटरवर जमिनीवर पडतो. एसजी, एलजीचे जाड छर्रे त्याच्या दुप्पट अंतरावरही इजा करू शकतात. म्हणून बाराबोर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मागे मातीचा उंच बांध असेल तरच बार काढा. कातळ, पाणी किंवा मोकळं आकाश मागे असेल तर नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 2 मध्ये आहे. पीक खाल्लं तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही. लाल तोंडाचं माकड, गवा, मोर, शेकरू अनुसूची 1 मध्ये आहेत. पीक नासलं या कारणावर त्यांच्यावर बंदूक उचलायची नाहीच. माकडांनी नारळ-आंब्याचं केलेलं नुकसान बघून जीव तुटतो, मला ते ठाऊक आहे. तरीही नाही. फासकी, म्हणजे तारेचा फास, आणि गावठी बॉम्ब यांचं तर नावही काढू नका. फासकी डुकराला लावतात, अडकतो बिबट्या, आणि त्याला सोडवायला गेलेल्या माणसाच्या जिवावर बेततं.

परवानगी हातात आली तरी रात्री एक गोष्ट विसरू नका. बॅटरीच्या झोतात डोळे हिरवे-पिवळे चमकले तर ते डुक्कर नव्हे. गाय, पाडा, कुत्रा, कोल्हा, बिबट्या यांचे डोळे चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यात मागे प्रकाश परतवणारा पडदा असतो. डुकराला तो नसतो. आणि माणसालाही नसतो. म्हणजे झाडीत काही हलतंय आणि डोळे चमकत नाहीत, तर तिथे बिडी विझवून बसलेला शेजारचा राखणदारही असू शकतो. पूर्ण अंग, सोंड, पाय दिसल्याशिवाय बोट घोड्यावर जाता कामा नये. संध्याकाळीच आजूबाजूच्या खाचरवाल्यांना भेटून कोण कुठे बसणार ते ठरवून घ्या. राखणीच्या माळ्यावर चढताना-उतरताना बंदूक रिकामी आणि सांध्यात उघडून ठेवा.

उंदीर-घुशींसाठी बंदूक नको. माडाच्या बुंध्याला माणसाच्या उंचीवर हातभर रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळा. बाजूचं झाड किंवा झावळी टेकत नसेल तर उंदीर वर चढत नाही. कणगीजवळ छऱ्याची एअरगन वापरणार असाल तर ती पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरची आणि 20 ज्यूलच्या आतली घ्या. त्यापुढे परवाना लागतो.

खाऱ्या हवेत नळी आठवड्यात गंजते. राखण संपली की नळीतून कोरडं फडकं, मग तेलाचं फडकं फिरवा. काडतुसं वेगळ्या डब्यात, कुलपात ठेवा.

आणि खाचर तुडवलं गेलं तर तीन दिवसांच्या आत वनरक्षक, तलाठी यांना लेखी कळवा. फोटोत पायाचे ठसे आणि लोळवलेलं भात दोन्ही येऊ द्या. पंचनामा होईपर्यंत तेवढा तुकडा कापू नका.