परसातल्या पक्ष्यांचे फोटो काढताय? या चुका टाळा

पावसाळा लागला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर घरट्यांचे फोटो यायला लागतात. "काका, बघा किती जवळून मिळाला!" मिळाला कसला, तू त्याच्या घरात घुसलास.

तर पहिली चूक हीच, आणि यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. आमच्या शेजाऱ्यांचा भाचा सुट्टीला गुहागरात आला होता, हातात नवाकोरा कॅमेरा. गडग्यालगत (दगडी कुंपणाला लागून) सागाचं कमरेएवढं रोपटं, त्यात शिंपी पक्ष्याने पानं शिवून घरटं केलेलं, आत पिल्लं. फोटो क्लिअर येईना म्हणून या पठ्ठ्याने पुढची दोन पानं सुतळीने मागे बांधली. मी ओरडलो तर म्हणे, "तोडली नाहीत ना काका, नंतर सोडतो." मग वहिनीने जेवायला हाक मारली, सुरमई खाऊन साहेब झोपले, सुतळी तशीच. ती पानं म्हणजे त्या पिल्लांचं छप्पर पण आणि पडदा पण. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंप्याची जोडी नुसती आकांत करत होती आणि भारद्वाज शांतपणे गडग्यावर बसलेला, घरटं रिकामं. भारद्वाज दिसला की आपण शुभ म्हणतो, शिंप्याला विचारा एकदा.

भावनेचं सोडा, कायदा पण आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी डिस्टर्ब करणं येतं. माझी सवय सांगतो, घरटं सापडलं की मी ती बाजूच सोडतो, पिल्लं उडून जाईपर्यंत तिकडे कॅमेरा न्यायचा नाही. पिल्लं बाहेर पडली की आईबाप त्यांना फांदीवर भरवतातच, तेव्हा काढा की काय काढायचं ते.

मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलावणं, हा त्याच घाईचा दुसरा प्रकार. विणीच्या दिवसात दयाळ पक्ष्याला वाटतं दुसरा नर हद्दीत आला, तो बिचारा पिल्लांचं खाणं सोडून तुमच्या स्पीकरशी भांडत बसतो. करू नका.

आता पक्ष्याचं नाही, तुमच्या खिशाचं. कोकणात जून ते सप्टेंबर हवा म्हणजे नुसतं ओलं फडकं, आणि लोक काय करतात तर लेन्स बॅगेत, बॅग लाकडी कपाटात, आणि कपाट थेट गणपतीत उघडायचं. आत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, आणि तिने कोटिंग (काचेवरचा पातळ थर) खाल्लं असेल तर साफ करून पण ते परत येत नाही. त्यावर कोणीतरी डब्यात तांदूळ घालायचा उपाय सांगतं. अरे बाबांनो, तांदळाची भुकटी लेन्सच्या रिंगमध्ये जाते, तांदूळ पेजेला ठेवा. मी भांड्यांच्या दुकानातला रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा वापरतो, तळाला सिलिका जेल (ओल शोषणारे मणी) आणि एक स्वस्तातला आर्द्रता मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. निळे मणी गुलाबी झाले किंवा नारिंगी हिरवे झाले की मंद आचेवर गरम करायचे, परत चालू. ड्राय कॅबिनेट (हवा कोरडी ठेवणारं विजेवरचं कपाट) परवडत असेल तर उत्तमच, पण डब्यावर माझं भागतं. आणि कॅमेरा अधूनमधून बाहेर काढून वापरा हो, पाऊस थांबतो मधे मधे.

बाकीच्या पटापट.

वर आभाळाकडे कॅमेरा करून बुलबुल काढलात तर तो काळा ठिक्कर येणार, एक्स्पोजर (फोटोतला उजेड) प्लस एक तरी करा. उलट गर्द हिरव्या झाडीपुढे पांढरा बगळा जळतो, म्हणजे नुसता पांढरा डाग येतो, तिथे मायनस.

दुपारी बाराला फोटो काढून "शार्पनेस नाही" म्हणू नका. सकाळी नऊच्या आत उरका.

शिंजीर (सनबर्ड) एका जागी ठरत नाही, शटरचा वेग १/१००० सेकंदापेक्षा कमी नको, उडताना हवा असेल तर १/२०००. ढगाळ असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) ३२०० करा, फोटोत येणाऱ्या दाण्यांना घाबरू नका, दाणे नंतर कमी करता येतात पण हललेला फोटो हललेलाच.

आणि पक्ष्याच्या मागे वाडीभर धावू नका. केळफूल उमललं की शिंजीर तिथे येणार म्हणजे येणारच, न्हाणीघराचं पाणी जिथे साचतं तिथे दयाळ उतरतो. खुर्ची टाकून बसा ना. नवीन पोरांना दहा मिनिटं बसवत नाही, आणि मग विचारतात "काका, ६०० एमएमची लेन्स घेऊ का?" पडवीच्या खांबाआड शांत बसता येत असेल तर परसासाठी ७०-३०० पुरते, आणि बसता येत नसेल तर ६०० मध्ये पण उडालेल्या पक्ष्याची शेपटीच येणार.