साठीनंतरचं कोलेस्टेरॉल : रिपोर्ट हातात आल्यावर काय काय करायचं

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या रक्ततपासणीचा, कागद घरी आला आणि एका आकड्यासमोर ठळक खूण दिसली, की त्याच दिवसापासून तूप बंद, अंडं बंद, शेंगदाण्याचं कूट बंद. रात्रीचं जेवण चहा-टोस्टवर येतं. वजन उतरतं आणि घरचे खूश होतात. पण या वयात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. स्नायू गेले की तोल जातो आणि पडण्याचा धोका वाढतो. म्हणून साठीनंतर कोलेस्टेरॉल आटोक्यात आणताना माणूस खंगणार नाही, हेही तितक्याच काळजीनं पाहायला हवं.

१. रिपोर्टमध्ये आधी एलडीएल शोधा

एकूण कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून फारसं काही ठरत नाही. रक्तवाहिन्यांत थर साचवतं ते मुख्यतः एलडीएल, म्हणजेच 'वाईट' कोलेस्टेरॉल. शेजारी छापलेली 'नॉर्मल' मर्यादा सगळ्यांसाठी सारखीच असते, तुमची वेगळी असू शकते. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण माणसाचं एलडीएल १०० च्या खाली असावं, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल तर ७० च्या खाली, आणि हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर ५५ च्या खाली. म्हणजे ९५ हा आकडा एकासाठी उत्तम, तर अँजिओप्लास्टी झालेल्या दुसऱ्यासाठी जास्त. फार थकलेल्या वयात डॉक्टर हे लक्ष्य सैलही करतात. 'माझं एलडीएल किती असायला हवं?' हे डॉक्टरांना विचारा आणि उत्तर फाईलवर लिहून ठेवा.

त्याच वेळी थायरॉइडची टीएसएच तपासणी झाली आहे का, तेही बघा. थायरॉइड मंदावलं की कोलेस्टेरॉल वाढतं. विशेषतः साठीपुढच्या बायकांमध्ये हे कारण बऱ्याचदा निघतं आणि थायरॉइडचे उपचार सुरू झाल्यावर आकडा खाली येतो.

२. तेल मोजा

कोणतं तेल चांगलं, यावर घरोघरी वाद होतात, पण किती वापरतो ते कुणी मोजत नाही. दिवसाला माणशी २० ते ३० ग्रॅम पुरे. हिशेब सोपा आहे: दोघांच्या घराला महिन्याला साधारण दीड लिटर. पिशवी फोडली की तिच्यावर पेनानं तारीख लिहा. एक लिटर दहा-बारा दिवसांत संपत असेल, तर फोडणीचा हात सैल आहे. फोडणीचं तेल बरणी कलंडून न ओतता चमच्यानं घाला. शेंगदाणा, करडई, मोहरी, राईस ब्रॅन यांतलं कोणतंही चालेल, आलटून पालटून वापरलं तर आणखी चांगलं. 'कोलेस्टेरॉल-फ्री' असं छापलं म्हणून जास्त पैसे मोजू नका, कोणत्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

गरम वरण-भातावर चमचाभर साजूक तूप बहुतेकांना चालतं. खरा धोका चहाबरोबरच्या खारी, नानकटाई आणि फरसाणात आहे, कारण ते आपण मोजत नाही. जानेवारी २०२२ पासून ट्रान्स फॅटवर (डालड्यासारख्या तुपात तयार होणाऱ्या घातक चरबीवर) २ टक्क्यांची मर्यादा आली, पण या पदार्थांतलं एलडीएल वाढवणारं संतृप्त मेद तसंच राहतं.

३. ताटात भर घाला

काय काढायचं यापेक्षा काय वाढायचं हे आधी ठरवा. मटकी, चवळी, राजमा, भेंडी, गवार, ओट्स यांतला विरघळणारा तंतू (फायबर) एलडीएल थोडं खाली आणतो. इसबगोलही त्याच कामाचं, मात्र भरपूर पाण्याबरोबर आणि औषधांपासून दोन तास लांब घ्या. दात साथ देत नसतील तर उसळ मऊ शिजवून घोटा किंवा मुगाचं धिरडं करा, पण डाळ-कडधान्य दोन्ही वेळा पोटात जाऊ द्या. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली तळण्याऐवजी कालवणात घालावी.

रिपोर्टमधलं ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक प्रकारची चरबी) वाढलं असेल तर तेलापेक्षा भात, साखर, मैदा आणि दारू यांच्याकडे बघा. आपल्याकडे 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणतात, ते इथे अगदी लागू पडतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपासाला राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची भाजी आणि ताक घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर निरंकार उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

४. गोळी आपल्या मनानं बंद करू नका

शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच, मुख्यतः यकृतात, तयार करतं. म्हणूनच जन्मभर शाकाहारी असलेल्यांचंही वाढतं. अ‍ॅटोर्वास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या तिथलंच उत्पादन कमी करतात. रिपोर्ट नॉर्मल येतो तो गोळीमुळे. गोळी थांबवली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढतो. सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करा, पुढे डॉक्टर सांगतील तशी.

मांड्या किंवा खांदे दोन्ही बाजूंना दुखू लागले, तर सहन करत बसू नका. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. लघवी काळपट झाली तर त्याच दिवशी दाखवा. सर्दी-खोकल्याला क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक मिळालं, तर कोलेस्टेरॉलची गोळी चालू असल्याचं आधी सांगा. पंचाहत्तरीनंतर नव्यानं गोळी सुरू करायची का, हे प्रत्येकाचं बघून ठरवावं लागतं. आधीपासून चालू असेल तर मात्र वय झालं म्हणून सोडू नका. लसूण, दालचिनी, ब्लॉकेज उघडणारा काढा यांपैकी काहीही गोळीची जागा घेत नाही. खर्च जड जात असेल तर जनऔषधी केंद्रात हीच औषधं स्वस्त मिळतात.

५. चाला, आणि पायांत ताकद ठेवा

आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे लक्ष्य ठेवा. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये इतका वेग. चालण्याबरोबर हे रोज करा: भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. मग ओट्याला धरून टाचा उचला. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. तंबाखू आणि मशेरी मात्र सोडायलाच हवी.

६. 'गॅस झालाय' म्हणून थांबू नका

म्हातारपणी, त्यातही मधुमेहात, हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. अचानक दरदरून घाम, धाप, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात दाबल्यासारखं वाटणं अशी लक्षणं दिसतात. ओवा-सोडा देऊन वाट पाहू नका, लगेच १०८ ला फोन करा. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं याबाबतीतही तेच. चालू औषधांची यादी आणि शेवटचा रिपोर्ट एका पिशवीत घालून दाराजवळ लटकवून ठेवा, म्हणजे निघताना शोधाशोध होणार नाही.