एकाच जिल्ह्यातील दोन प्रदेशांचा तुलनात्मक अभ्यास कसा लिहावा: महाबळेश्वर आणि माण

तुलनेसाठी प्रदेश निवडताना ते एकमेकांपासून जितके भिन्न तितके चांगले, मात्र दोहोंना जोडणारे काहीतरी असावे. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर आणि माण हे तालुके मला यासाठी सर्वांत योग्य वाटतात. महाबळेश्वर आणि माण तालुक्याचे मुख्यालय दहिवडी यांत सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही. तरीही एकीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक, तर दुसरीकडे जेमतेम पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. प्रथम सीमा ठरवून घ्यावी. माण नदीच्या परिसरातला माणदेश माण तालुक्यापुरता नसून आटपाडी-सांगोल्याकडेही पसरलेला आहे. आकडे तालुक्याचे आणि वर्णन माणदेशाचे अशी सरमिसळ झाली, तर पुढचे निष्कर्ष डळमळीत होतात.

भूगोल लिहिताना डोंगर, नद्या, हवामान अशी सुटी टिपणे करण्यापेक्षा कारणांची साखळी मांडावी. मोसमी वारे सुमारे १४०० मीटर उंचीच्या सह्यमाथ्यावर बहुतेक पाऊस रिता करतात, वीसेक किलोमीटरांवरील पाचगणीत तो निम्म्याहून कमी होतो आणि माण पर्जन्यछायेत राहते. माथ्यावर जांभा आणि दाट झाडी, तर माणमध्ये मुरमाड, उथळ जमीन आणि उघडे माळ दिसतात.

इतिहासातही भूमीचा हात कोठे दिसतो, ते शोधावे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाच्या फौजेची प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेली कोंडी जावळीच्या रानाशिवाय समजत नाही. पुढे थंड हवेमुळे इंग्रजांनी १८२९ मध्ये सातारच्या छत्रपतींकडून महाबळेश्वर मिळवले, आणि तेथे आणलेल्या चिनी कैद्यांनी बटाटे व भाजीपाला पिकवला. माणच्या इतिहासात शिखर शिंगणापूरच्या चैत्री यात्रेइतकेच स्थान दुष्काळाला द्यावे लागते. माण नदीवरील राजेवाडीचा तलाव हे ब्रिटिश काळातील दुष्काळी काम आहे. यासाठी १८८५ चे सातारा गॅझेटिअर वाचावे, पण त्यातील आकडे आजचे म्हणून वापरू नयेत.

अर्थव्यवस्थेसाठी मात्र गावात जाऊन विचारण्याला पर्याय नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, एवढे लिहून थांबू नये. रोपे पावसाळा सरता सरताच का लावतात, गादीवाफ्यावर प्लास्टिकचे आच्छादन कशासाठी अंथरतात, फळ हातात येईपर्यंत मजुरीवर किती जाते आणि हंगाम पर्यटकांच्या गर्दीशी कसा जुळतो, हे शेतकऱ्याकडून समजून घ्यावे. माणमध्ये बाजरी आणि ज्वारीइतकेच महत्त्व जनावरांना आहे. खिलार बैल आणि मेंढ्या कोरड्या माळावर टिकतात. मेंढपाळ खतासाठी आपला कळप दुसऱ्याच्या शेतात बसवतात आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे घेतात. अशा व्यवहाराची नोंद सरकारी तक्त्यांत सापडत नाही, म्हणून ती स्वतः करावी.

स्थलांतराचा प्रश्नही येथेच घ्यावा. माण, खटाव, आटपाडी, खानापूर या पट्ट्यातील अनेक कुटुंबे सोने-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे धातू वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभर गेली आहेत आणि त्यांनी गावी पाठवलेल्या पैशातून घरे, विहिरी व मंदिरे उभी राहिली आहेत. केवळ शेतीच्या उत्पन्नावरून माणला गरीब ठरवणारा अभ्यास म्हणूनच अपुरा राहतो.

शेवटी दोन प्रदेशांमधला दुवा तपासावा. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या कृष्णेचे पाणी जिहे-कठापूर उपसा सिंचन योजनेतून उचलून खटाव-माणकडे नेले जाते. लाभक्षेत्रातील एखादे गाव निवडावे, तलाठ्याकडून गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची सरकारी नोंदवही, मिळवून पाणी येण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या पिकांच्या नोंदी ताडून पाहाव्यात, आणि शेजारच्या कोरड्याच राहिलेल्या गावाशी त्यांची तुलना करावी.