हरवलेला इअरबड लिनक्सच्या टर्मिनलवरून शोधा

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये परवा एका कानातला बड गायब झाला. सोफा उचलून झाला, शेवटी लॅपटॉप उघडला.

टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'ब्लूटूथसीटीएल' (इंग्रजी स्पेलिंग सलग, छोट्या अक्षरांत) टाइप करून एंटर दाबा. मग 'पॉवर ऑन', त्यानंतर 'स्कॅन ऑन'. पॉवर ऑनलाच नकार आला तर ब्लूटूथसीटीएलमधून बाहेर येऊन 'आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ' चालवा. बहुतेकदा एअरप्लेन मोडच्या बटणाला चुकून हात लागलेला असतो.

आता आसपासच्या ब्लूटूथ उपकरणांची यादी धावायला लागते. शेजाऱ्यांचा टीव्ही, कुणाचं घड्याळ, आणि नावाऐवजी नुसते अक्षर-आकड्यांच्या सहा जोड्यांचे पत्ते. त्या निनावींच्या मागे लागू नका, बरीच उपकरणं प्रायव्हसीसाठी पत्ता बदलत राहतात. आपल्या कामाचा आकडा 'आरएसएसआय', म्हणजे सिग्नलची ताकद. तो उणे असतो आणि शून्याकडे सरकला की वस्तू जवळ. माझा बड हॉलमध्ये -८४ दाखवत होता, धुण्याच्या बादलीपाशी -४७. निघाला पँटच्या खिशात! आकडा मध्येच उड्या मारतो, भिंतीआड पडतो, म्हणून दोन पावलं टाकून जरा थांबायचं.

बड फोनला जोडलेला असेल तर तो सहसा यादीत येतच नाही, आधी फोनचं ब्लूटूथ बंद करा. केसमध्ये असेल किंवा चार्जिंग संपलं असेल तर मात्र सोफाच उचला.

जुन्या लेखांत 'एचसीआयटूल स्कॅन' सापडेल. ते साधन आता कालबाह्य ठरवलंय. काम झालं की 'स्कॅन ऑफ'.