लाइफरेमध्ये नवी साइट रिकामी उघडू नये म्हणून

आमचं इंट्रानेट (संस्थेची आतली वेबसाइट) लाइफरे या पोर्टल सॉफ्टवेअरवर चालतं आणि त्यावर प्रत्येक विभागाला स्वतःची साइट मिळते. ती उघडली की समोर पांढरं पान, आणि लगेच फोन: "अहो, इथे तर काहीच नाही!"

लाइफरेमध्ये यासाठी साइट टेम्प्लेट, म्हणजे नव्या साइटचा तयार साचा, असतं. कंट्रोल पॅनेलमधून एक नवं तयार केलं, त्यात स्वागताचं पान, कागदपत्रांचं पान आणि सूचनांचं विजेट (पानावर ठेवायचा छोटा घटक) ठेवलं. नवी साइट काढताना तेच निवडायचं. इथवर सोपं.

खरी गोम पुढे आहे. टेम्प्लेटमधल्या पानांची मांडणी बदलली की आधीच्या साइट्सवरही ती पोचते. मजकुराचं तसं नाही. वेब कंटेंट (लाइफरेमध्ये लिहिलेले लेख) आणि फायली साइट तयार होताना एकदाच कॉपी होतात. नंतर टेम्प्लेटमधला लेख कितीही दुरुस्त करा, जुन्या साइट्सवर जुनाच दिसतो. म्हणून सुट्ट्यांची यादी, हेल्पडेस्कचा नंबर असा सतत बदलणारा मजकूर मी ग्लोबल साइटवर, म्हणजे सगळ्या साइट्सना सामायिक असलेल्या जागेत, नेला आणि टेम्प्लेटच्या पानावर वेब कंटेंट डिस्प्ले या लेख दाखवणाऱ्या विजेटमधून तोच दाखवला. आता दुरुस्ती एकाच जागी करावी लागते.

शिवाय विभागाच्या ॲडमिनने एखादं पान स्वतः बदललं, की त्या पानावर टेम्प्लेटचे बदल येणं थांबतं. पान पुन्हा टेम्प्लेटसारखं करायला रीसेटची सोय आहे, पण त्यात त्यांची मेहनत पुसली जाते. त्यांना विचारल्याशिवाय ते बटण दाबू नका. पान बदलण्याची परवानगी पानागणिक देता येते, म्हणून मी मुखपृष्ठ बदलांसाठी बंद ठेवलं आणि बाकीची पानं खुली.