सार्वमताचा कौल कसा तपासावा : ऑस्ट्रिया, १९३८

शेजारच्या हुकूमशहाने एखादा देश गिळंकृत केला आणि पुढे तेथील जनतेनेच ९९ टक्के मतांनी त्यास मान्यता दिली, असे वाचनात आले की टक्केवारी तूर्त बाजूला ठेवून आधी मतपत्रिका पाहावी. मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या जर्मनीने ऑस्ट्रिया असाच गिळंकृत केला; त्यानंतर १० एप्रिलला तेथे वापरलेल्या मतपत्रिकेवर मधोमध ‘होय’चे मोठे वर्तुळ आहे आणि ‘नाही’चे लहान वर्तुळ उजव्या बाजूस सारलेले आहे. प्रश्नही नीट वाचावा. १३ मार्चला ‘पार पडलेले’ जर्मनीशी पुनर्मीलन तुला मान्य आहे काय आणि आमचा नेता हिटलर याच्या (संसदेच्या उमेदवारांच्या) यादीला तू मत देतोस काय, या दोन गोष्टी एकाच फुलीत बांधल्या होत्या. विचारणा झाली ती घडून गेलेल्या गोष्टीची.

त्यानंतर मतदारयादीतून कोणाला वगळले होते ते शोधावे. ज्यूंना मताधिकार नव्हता, अनेक राजकीय विरोधकांनाही नव्हता, आणि मतदानाच्या नऊच दिवस आधी कैद्यांची पहिली तुकडी व्हिएन्नाहून दाखाऊच्या छळछावणीकडे रवाना झाली होती. हे ठाऊक झाले की ९९.७ या आकड्याचे नवल उरत नाही.

सर्वांत अधिक वेळ मात्र घटनाक्रमावर खर्च करावा आणि तो तारखांनी नव्हे, तर घड्याळ समोर ठेवून मांडावा. ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर (सरकारप्रमुख) शुशनिग यांनी ९ मार्चला स्वतंत्र ऑस्ट्रियासाठी सार्वमत जाहीर केले होते. ११ मार्चला बर्लिनच्या दबावाखाली त्यांनी ते रद्द केले, तेव्हा लगेच त्यांच्या राजीनाम्याची आणि गृहमंत्री झाइस-इनक्वार्ट या नाझी हस्तकाला चॅन्सेलर करण्याची मागणी पुढे आली. शुशनिग यांनी आकाशवाणीवरून निरोप घेतला. रात्री ८ वाजून ४५ मिनिटांनी हिटलरने सैन्याला कूच करण्याचा आदेश दिला आणि ८ वाजून ४८ मिनिटांनी हिटलरचा निकटचा सहकारी गोरिंगने व्हिएन्नातील आपल्या माणसाला दूरध्वनीवरून एका तारेचा मजकूर सांगितला : ऑस्ट्रियाचे सरकार शांतता राखण्यासाठी जर्मन सैन्याची मदत मागत आहे. ती तार प्रत्यक्ष पाठवण्याचीही गरज नाही, झाइस-इनक्वार्टने नुसती संमती कळवली तरी पुरे, असेही त्याने सांगितले. ही संभाषणे बर्लिनमध्येच टिपून ठेवलेली होती आणि पुढे, महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात ती पुरावा म्हणून पुढे आली. आमंत्रण आदेशानंतर तीन मिनिटांनी रचले गेले, हे अशा बारकाईशिवाय हाती लागत नाही.

सह्याही तपासाव्यात. राष्ट्राध्यक्ष मिक्लास यांनी झाइस-इनक्वार्टची नेमणूक मध्यरात्रीपर्यंत रोखून धरली, आणि १३ मार्चच्या विलीनीकरणाच्या कायद्यावर सही करण्याऐवजी ते पदावरून दूर झाले. कायद्याच्या नावात शब्द होता ‘पुनर्मीलन’. सातारा ‘खालसा’ झाल्याचे ज्यांनी शाळेत वाचले आहे, त्यांना अशा शब्दनिवडीचे मोल वेगळे सांगावयास नको.

तपासणी एकतर्फी मात्र होऊ देऊ नये. शुशनिग यांचा कारभारही हुकूमशाहीचाच होता. संसद १९३३ पासून मोडीत निघाली होती आणि त्यांच्या नियोजित सार्वमतातही २४ वर्षांखालील लोकांना मत नव्हते. १५ मार्चला व्हिएन्नाच्या हेल्डनप्लाट्झ चौकात हिटलरच्या भाषणाला जमलेल्या प्रचंड गर्दीचा उत्साहही सगळाच बळजबरीचा नव्हता. मतपत्रिका खोटी ठरली म्हणून ही गर्दी खोटी ठरत नाही.

शेवटी, नंतर सांगितल्या गेलेल्या हकिकतीलाही हीच कसोटी लावावी. मित्रराष्ट्रांच्या १९४३ च्या मॉस्को जाहीरनाम्यात ऑस्ट्रियाला हिटलरच्या आक्रमणाचा पहिला बळी म्हटले आहे आणि त्याच जाहीरनाम्यात युद्धातील सहभागाची जबाबदारीही तिच्यावर टाकली आहे. ऑस्ट्रियात कित्येक दशके पहिल्या विधानावरच भर राहिला. देशवासीयांच्या सहभागाची स्पष्ट कबुली चॅन्सेलर व्रानित्स्की यांनी संसदेत दिली ती १९९१ मध्ये. त्यामुळे हा जाहीरनामा टिपून घेताना दोन्ही विधाने एकाखाली एक लिहून घ्यावीत.