बिग बँडमध्ये बदली म्हणून बसताना: ट्रॉम्बोनवादकाची तयारी

जॅझ ट्रॉम्बोनवर पोट भरणाऱ्याचे बरेचसे काम दुसऱ्याच्या खुर्चीवर बसून होते. नेहमीचा वादक आजारी पडतो किंवा दौऱ्यावर जातो आणि फोन वाजतो: उद्या संध्याकाळी मोकळे आहात का? होकार देण्याआधी पहिला प्रश्न खुर्चीचा. नेहमीच्या १७ जणांच्या बिग बँडमध्ये ५ सॅक्सोफोन, ४ ट्रम्पेट, ४ ट्रॉम्बोन आणि ४ जणांचा ऱ्हिदम सेक्शन (ताल आणि कॉर्डची साथ देणारे) असतो. चार ट्रॉम्बोनांपैकी तीन टेनर, चौथा बहुधा बास, म्हणजे खालच्या सुरांचा. चौथी खुर्ची असेल आणि घरी फक्त टेनर असेल, तर सरळ नाही म्हणा. साध्या टेनरवर सातव्या पोझिशनमधल्या (सरकत्या नळीच्या, म्हणजे स्लाइडच्या, सात ठरलेल्या जागांपैकी सर्वांत लांबच्या) ई पासून पेडल (नळीचा सर्वांत खालचा मूळ सूर) बी फ्लॅटपर्यंत मधले पाच सूर नाहीतच, आणि नळी लांब करणाऱ्या एका एफ वॉल्व्हवरसुद्धा तळचा बी धडपणे सापडत नाही. बास ट्रॉम्बोनला दोन वॉल्व्ह असतात ते त्यासाठीच. लीडची, म्हणजे सेक्शनला पुढे नेणाऱ्या पहिल्या वादकाची, खुर्ची असेल तर वरच्या पट्टीत तीन तास टिकण्याइतका ओठ आज आहे का, हे स्वतःला खरेखरे विचारा. मग बाकीचे: हॉलवर किती वाजता पोचायचे आणि पहिला सूर किती वाजता (या दोन वेळा वेगळ्या असतात, आणि एकच विचारणारे हमखास उशिरा येतात), कपडे कोणते, म्यूट (वाद्याच्या रुंद तोंडात, म्हणजे बेलमध्ये, किंवा त्यासमोर धरून आवाज बदलण्याची साधने) कोणकोणते, चार्ट (आपल्या वाद्याचे लिहिलेले नोटेशन) आधी मिळतील का, पैसे किती आणि कधी. बोलणे झाले की हे सगळे दोन ओळींत लिहून पाठवा. पुढचा वाद तिथेच मिटतो.

वाद्य एकच न्यायचे, आणि ते अरुंद नळीचे. जॅझमध्ये ०.५०० ते ०.५०८ इंच, म्हणजे साधारण १२.७ ते १२.९ मिलिमीटर बोअरचे (नळीच्या आतल्या व्यासाचे) टेनर चालते. किंग ३बी ०.५०८ इंचाचा आहे. सिंफनीतला ०.५४७ इंचाचा ट्रॉम्बोन आणला तर आवाज रुंद आणि गडद होतो, आणि शेजारच्या दोघांमध्ये तो मिसळत नाही. ओठ कितीही चांगला असला तरी तेवढ्यापुरता सेक्शन बिघडतोच.

आदल्या रात्री स्लाइड धुवायची. कोमट पाणी, भांड्यांच्या सौम्य साबणाचे थेंब, लवचिक ब्रश. कढत पाणी नको, लॅकर उखडते. बाहेरच्या नळ्या आतून पुसायला दांड्याला पातळ सुती कापड असे गुंडाळा की दांड्याचा धातू कुठेच उघडा राहणार नाही. एक ओरखडा वर्षभर घासत राहतो. आतल्या नळ्यांच्या टोकाला जो किंचित जाड भाग असतो, खरी घसरण तिथेच होते, म्हणून वंगण तिथे लागते, सगळीकडे थापायचे नसते. वंगणाचा ब्रँड बदलायचा असेल तर आधीचे पूर्ण धुऊन काढा. दोन वंगणे एकमेकांत मिसळली की चिकट साय धरते आणि स्लाइड नेमकी वेगवान ओळीत अडते. क्रीम लावणाऱ्यांनी पाण्याची छोटी फवारणीची बाटली विसरू नये, कारण रंगमंचावरच्या दिव्यांखाली पाणी वाळते आणि दोन-तीन चार्टांनंतर पुन्हा फवारावे लागते. धुऊन झाल्यावर बाहेरची स्लाइड काढा, आतल्या एका नळीचे तोंड बोटाने बंद करा आणि दुसऱ्या टोकाने हवा ओढून पाहा. ओढ टिकली नाही तर कुठेतरी गळती आहे. थुंकीच्या किल्लीचा बूच आणि स्प्रिंगही आत्ताच तपासा. स्प्रिंग तुटली तर एक रबर बँड कार्यक्रम पार पाडतो, म्हणून डब्यात दोन रबर बँड ठेवाच. माउथपीस अडकला असेल तर पक्कड लावू नका, नळी पिळवटते. तो काढायचे वेगळे साधन मिळते.

म्यूटचा विषय मोठा आहे, आणि बदली वादक जिथे उघडा पडतो ती जागा हीच. स्ट्रेट, कप, हार्मन, बकेट आणि प्लंजर, एवढे पाच नेले की सहसा अडत नाही. स्ट्रेट आणि कपच्या बुचाच्या पट्ट्या झिजल्या असतील तर म्यूट बेलमध्ये जास्त आत बसतो, सूर हलतो, आवाज गुदमरतो. नव्या पट्ट्या फार जाड असतील तर तो बाहेरच राहतो. मग बारीक सँडपेपरने थोडे थोडे घासून बसवा. हार्मनचे बूच पूर्ण गोल असते, कारण सगळी हवा म्यूटमधूनच गेली पाहिजे. कुठे चीर पडली की तो भणभणीत, पातळ आवाज येतच नाही. प्रत्येक म्यूट लावून मधला बी फ्लॅट ट्यूनरवर धरा. स्ट्रेट आणि हार्मनने सूर सहसा चढतो. किती चढतो ते म्यूटवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, म्हणजे ऐन वेळी कान आणि हात भांडत बसत नाहीत. लावताना बुचावर तोंडाची गरम वाफ सोडा आणि किंचित पिळून बसवा. कोरडे बूच सुटते आणि म्यूट शांत बॅलडच्या मध्यावर जमिनीवर आपटतो.

प्लंजर म्हणजे नळकाम करणाऱ्याचा रबरी पंप, दांडा काढलेला. ट्रम्पेटवाल्यांचा छोटा आपल्याला पुरत नाही. जॅझ ट्रॉम्बोनच्या साधारण ८ इंची बेलला मोठा लागतो. चार्टवर अधिकचे चिन्ह म्हणजे बंद, छोटे वर्तुळ म्हणजे उघडा. बंद करताना रबर बेलवर पूर्ण दाबू नका, फुंक अडते आणि सूर सरकतो. बोटभर फट ठेवा. डावा हात प्लंजरवर गेला की वाद्य पेलण्याची त्याची पकड सैल होते, म्हणून या ओळी उभे राहून, आरशासमोर, हळू लयीत बसवाव्या लागतात. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात १९२६ पासून वाजवणाऱ्या ट्रिकी सॅम नँटनने प्लंजरच्या आत ट्रम्पेटचा छोटा स्ट्रेट म्यूट घालून माणसासारखा बोलणारा आवाज काढला. त्या धाटणीचे चार्ट असतील तर तो छोटा म्यूटही बरोबर हवा, नुसत्या प्लंजरने ते जमत नाही.

चार्ट आधी मिळाले तर वाजवण्याआधी पेन्सिल घेऊन बसा. पहिल्यांदा फक्त रस्ता पाहायचा: पुनरावृत्ती कुठे, डी.एस. (मागच्या खुणेवर परत जा) कुठे नेतो, कोडाची (शेवटच्या तुकड्याची) उडी कुठून, कोणता भाग इशारा मिळेपर्यंत फिरत राहतो. मग म्यूट बदलायला किती वेळ आहे ते मोजा. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत चार-चार मात्रांचे दोन बार म्हणजे २.४ सेकंद. तेवढ्यात कप काढून हार्मन बसत नाही, म्हणून तो म्यूट आधीच मांडीवर घेण्याची खूण चार बार मागे करून ठेवा. लांब विश्रांतींमध्ये कुणाचा प्रवेश ऐकू येतो तेही लिहा. ‘२४ बार, नंतर ट्रम्पेट’ हे नुसत्या २४ पेक्षा फार खात्रीचे. डाव्या पानाचा शेवट आणि उजव्या पानाची सुरुवात यांत श्वास घ्यायलाही जागा नसेल तर पान उलटण्याची सोय आत्ताच करा.

स्लाइडच्या पर्यायी जागा अवघड ओळींवर आकड्यांनी लिहाव्यात. उदाहरण घ्या जी सेव्हन्थ कॉर्डचे. चौथ्या पोझिशनमध्ये जी, बी, डी आणि एफ हे चारही सूर स्लाइड न हलवता मिळतात, फक्त ओठ बदलायचा. यातला एफ हा सातवा पार्शल (स्लाइड न हलवता नुसत्या ओठाने मिळणाऱ्या सुरांच्या ओळीतला सातवा), निसर्गतः साधारण ३१ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरलेला, म्हणून त्या एकाच सुरासाठी स्लाइड सुमारे ३ सेंटिमीटर आत घ्यायची. हे हातात बसले की घाईच्या जागी हात चौथ्याच्या आसपास घुटमळतो आणि बाकीचा वेळ ओठाला मिळतो. दुसऱ्या पोझिशनमधला वरचा जी त्याच कारणाने आखूड धरावा लागतो. आणि पहिल्या पोझिशनमधला डी, पाचवा पार्शल, सुमारे १४ सेंट उतरलेला असतो. तिथे आत जायला जागाच नसते. म्हणून मुख्य ट्यूनिंग स्लाइड अशी लावतात की खरी पहिली पोझिशन पूर्ण बंदपासून साधारण १ सेंटिमीटर बाहेर येते. नाही तर डी चौथ्यात घ्या. ग्लिसांडोचे चिन्ह दिसले की आधी तपासा की दोन्ही टोके एकाच पार्शलवर येतात का. स्लाइडवर सहा अर्धस्वरांपेक्षा लांबची घसरण सलग होत नाही, आणि लिहिणाऱ्याला हे नेहमीच माहीत असते असे नाही.

चार्ट आधी मिळालेच नाहीत, आणि असे बरेचदा होते, तर ब्लूज आणि रिदम चेंजेस (‘आय गॉट ऱ्हिदम’ या गाण्याची कॉर्डमालिका) बी फ्लॅट, एफ, ई फ्लॅट आणि ए फ्लॅटमध्ये घोळवून घ्या. गायिका असेल तर ओळखीचे गाणेही अनोळखी पट्टीत येते, म्हणून डी, ए आणि ई यांनाही हात लावून ठेवा. ट्रॉम्बोनचे सूर पियानोशी जुळणारेच लिहिलेले असतात, पट्टी बदलून वाचावी लागत नाही. पण सोलोची पाने नेहमीच्या बास क्लेफऐवजी ट्रेबल क्लेफमध्ये हातात पडू शकतात. त्या वाचनाची सवय नसेल तर ती एका रात्रीत होत नाही.

आदल्या दिवशी ओठाला झिजवू नका. वरच्या सुरांचा दोन तासांचा सराव दुसऱ्या दिवशी सुजलेला, बधिर ओठ देतो, आणि मग माणूस माउथपीस दाबून वाजवतो, त्याने सूज आणखी वाढते. कार्यक्रमाच्या दिवशी १५ ते २० मिनिटे पुरेत: मधल्या पट्टीत लांब सूर, स्लाइड न हलवता ओठांच्या चढ-उतारी, थोडी जिभेची कामे, शेवटी दोन-तीन वरचे सूर अगदी हळू. मग पहिल्या सुरापर्यंत निदान अर्धा तास वाद्य खाली. ओठ ताठ वाटला तर खालचे पेडल सूर सैल ओठाने, हलकेच. खाऊन वाजवायचे असेल तर चूळ भरा. कण स्लाइडमध्ये जातात आणि सगळी धुलाई वाया जाते.

पिशवीत बारीकसारीक: दोन पेन्सिली, खोडरबर, स्टँडचा दिवा आणि जादा बॅटरी, उघड्यावर असेल तर कागद धरायला चिमटे, थुंकीसाठी फडके, ट्रॉम्बोनचा स्टँड, संगीतकारांचे इअरप्लग. वाद्य खुर्चीवर आडवे ठेवून चहाला जाणे म्हणजे स्लाइडवर कुणीतरी बसण्याची वाट पाहणे. पोचा केसाएवढा असला तरी स्लाइड घासते.

हॉलवर पोचलात की आधी जागा पाहा. सॅक्सोफोन पुढे, ट्रम्पेट मागे, ट्रॉम्बोन मध्ये. सातव्या पोझिशनपर्यंत हात पूर्ण लांबवून पाहा. पुढच्या माणसाची पाठ लागत असेल तर खुर्ची मागे घ्या, सुरुवात झाल्यावर ते शक्य नसते. वाजवणाऱ्याच्या बाजूने बेल डावीकडे आणि स्लाइड उजवीकडे असते, तेव्हा नोटेशनचा स्टँड किंचित डावीकडे आणि मायक्रोफोनचा खांबही डावीकडूनच आला पाहिजे. सूर जुळवण्याची घाई नको. गार वाद्य खालीच बोलते. हवेच्या तापमानात १० अंशांचा फरक पडला तर सुरात सुमारे ३० सेंटचा फरक पडतो, म्हणून आधी दोन-चार मिनिटे आतून फुंक फिरवा, मग जुळवा, आणि हॉल भरून तापला की पुन्हा.

वाजवताना लीड ट्रॉम्बोन ऐकायचा, स्वतःचा आवाज नाही. अर्धा सूर तिसऱ्या मात्रेवर तुटतो की थोडा आधी, चौथाई किती आखूड, फॉल (सुराच्या शेवटी खाली घसरण) किती लांब, शेक (ओठाने दोन सुरांत जलद हेलकावा) केव्हा थांबतो, हे कागदावर नसते, लीडच्या फुंकीत असते. शंका आली तर कमी वाजवा. विश्रांतीत चुकून वाजलेला एक सूर सगळ्यांना ऐकू जातो, राहून गेलेला फार थोड्यांना. सोलोची जागा दोन क्रमांकाच्या खुर्चीच्या कागदावर असली तरी तो आज कोण घेणार हे आधी विचारून घ्या. मिळाला तर दोन कोरस (गाण्याची पूर्ण आवर्तने) पुरेत, तिसरा कुणी मागितला तरच. सोलोसाठी माइककडे जाताना बेल १५ ते ३० सेंटिमीटर अंतरावर ठेवा. रिबन माइक असेल तर त्याहून दूर आणि किंचित तिरके.

इअरप्लग मागच्या ट्रम्पेटांसाठी. ८५ डेसिबलला ८ तासांची मर्यादा मानली तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते, आणि कार्यक्रम तीन तासांचा असतो. सगळे आवाज सारखे कमी करणारे, सुमारे १५ डेसिबलचे प्लग घरी सरावात घालून पाहा. पहिल्यांदाच कार्यक्रमात घातले तर आपलाच आवाज डोक्यात घुमतो आणि माणूस हळू वाजवू लागतो.

संपल्यावर चार्ट ज्या क्रमाने मिळाले त्या क्रमाने लावून परत द्या, आपल्या पेन्सिलच्या खुणा खोडून. नेहमीच्या वादकाच्या खुणांना हात लावू नका. बिल त्याच रात्री पाठवा. पुढच्या वेळी आपल्यालाच बोलवा असे बँडप्रमुखाला सुचवणे टाळा. ती खुर्ची दुसऱ्याची आहे आणि या धंद्यात सगळ्यांचे कान एकमेकांना जोडलेले असतात. घरी आल्यावर स्लाइडमधले पाणी काढा, म्यूटची बुचे रात्रभर उघड्यावर वाळू द्या, आणि हार्मनची छोटी नळी पिशवीत आहे ना ते पाहा. हरवते ती तीच.